मोंडकरांचा वळसा

वडाळ्याच्या परीक्षा केंद्रात दिगंबर मोंडकरांची खुर्ची खिडकीपाशी होती, आणि पाठ टेकली की हल्ली त्यांना लगेच डुलकी लागायची. लागणार नाही तर काय! सकाळपासून एकामागून एक टॅक्सीवाले समोर येऊन बसायचे आणि मोंडकरांना मोंडकरांचेच रस्ते म्हणून दाखवायचे. कॉटन ग्रीनहून लालबागला कसा जाशील बाबा, असं विचारलं की समोरचा डोळे मिटून घडाघडा सांगत सुटायचा. कुठला सिग्नल टाळायचा, कुठल्या शाळेच्या सुटण्याच्या वेळेला कुठून निघायचं, सगळं बिनचूक. चुकणार तरी कसं? त्यांच्या डोक्यात नकाशा होता तो मोंडकरांच्याच डोक्यातून काढलेला.

ही भानगड सुरू झाली उपग्रहांमुळे. आधी सूर्यावरची वादळं वाढली, मग बंदराच्या बाजूला कोण कुठून खोटे सिग्नल सोडतंय ते कुणाला कळेना. फोनमधली बाई आपल्या त्याच गोड आवाजात सांगायची, पुढे उजवीकडे वळा, आणि उजवीकडे गोदीची भिंत. भर माझगावात उभी असलेली गाडी नकाशावर समुद्रात तरंगायची. लोकांची विमानं चुकायला लागली, रुग्णवाहिका भलत्याच दारात जायला लागल्या, तेव्हा सरकारला जुन्या दिवसांची आठवण झाली. हुकूम निघाला की ज्याच्या डोक्यात शहर आहे त्यालाच टॅक्सीचा बिल्ला मिळेल. त्यासाठी वाटज्ञान मंडळ निघालं, परीक्षा ठरली, आणि पहिल्याच परीक्षेत जवळजवळ सगळे नापास झाले. गाड्या मारण्यात ते तरबेज होते हो, पण उभी हयात फोनच्या सांगण्यावरून वळलेल्या माणसांच्या डोक्यात शहर उतरलंच नव्हतं.

तेव्हा डॉक्टर केतकी बोराडे पुढे आल्या. मेंदूचं संशोधन करणारी ही बाई चाळिशीतली होती, कायम झोप अपुरी असल्यासारखी दिसायची आणि बोलायची मात्र लहान मुलाला समजावल्यासारखं नीट. त्यांनी मोंडकरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मेंदूत आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो आणि जागांची ओळख तिथे राहते. तिथल्या काही पेशी ठरावीक जागी पोचलं की चेततात. एक पेशी नाक्यावर, दुसरी पेट्रोल पंपापाशी, तिसरी पुलाखाली. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात या पेशींची रांगच्या रांग तयार होते. आणि गंमत अशी की माणूस नाक्यावर वळण्याआधी क्षणभर मेंदू स्वतःच पुढे पळून येतो. या गल्लीत शिरलो तर काय, त्या रस्त्याने गेलो तर काय, असं आतल्या आत बघून परततो आणि मग हात स्टीअरिंग वळवतात. केतकीबाईंनी एक डोक्याला बांधायचा पट्टा बनवला होता. तो हे पुढे पळून येणं टिपायचा, आणि तसाच दुसरा पट्टा शिकणाऱ्याच्या डोक्याला लावला की त्याच्या मेंदूत हळूहळू तीच रांग बसवायचा.

अडचण एकच होती. दोन माणसांचे नकाशे एकत्र केले की खिचडी व्हायची, शिकणारा भर चौकात गाडी थांबवून रडकुंडीला यायचा. म्हणून शहराच्या एकेका भागासाठी एकेक माणूस निवडला. भायखळ्यापासून शिवडीपर्यंतच्या भागासाठी मोंडकर. बाप टॅक्सीवाला, स्वतः टॅक्सीवाले, आणि फोनमधल्या बाईचं आयुष्यात कधी न ऐकलेले. पट्टा लावून त्यांनी महिनोन् महिने गाडी फिरवली आणि त्यांचं डोकं त्या भागाचं प्रमाण ठरलं.

नकाशाबरोबर मोंडकरांच्या खोडीही थोड्याफार उतरल्या होत्या. शिवडी नाक्यावरच्या एका चहाच्या टपरीपाशी आता प्रत्येक टॅक्सी आपोआप हळू व्हायची, कारण मोंडकर तिथे चहा प्यायचे. टपरीवाल्याने दोन माणसं कामाला ठेवली आणि मोंडकरांना चहा फुकट केला. एका पिंपळाखालच्या देवळीपाशी सगळे उजवा हात छातीला लावायचे, त्यात नमाज पढणारेही होते, तेही हसून हात लावायचे. बोराडेबाई म्हणायच्या, सवय जागेला चिकटलेली असते, ती सोलून काढता येते पण कशाला काढायची, कुणाचं काय बिघडतंय?

कुणाचं काय बिघडतंय, ते हेमांगीचा फोन आला तेव्हा कळलं.

हेमांगी राऊळ म्हणजे मोंडकरांची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. माझगावात बावडी गल्लीत राहायची, ब्लाउज शिवायची, लग्न केलं नव्हतं. मोंडकरांची बायको शुभांगी गेली त्यानंतर हिचा फोन असा आलाच नव्हता. मोंडकरांनी तो उचलला आणि पलीकडून आवाज आला, "भावोजी, मी हेमा." क्षणभर त्यांना शुभांगीच बोलतेय असं वाटलं. दोघी बहिणींचा आवाज एकच होता. पूर्वी घरी फोन आला की लोक हमखास फसायचे, आणि दोघी मुद्दाम फसवायच्याही. हेमाने फार काही सांगितलं नाही. तिच्या किडन्या गेल्या होत्या, एक दिवसाआड परळला डायलिसिसला जावं लागत होतं, आणि टॅक्सीवाले गल्लीत यायला तयार नव्हते. नाक्यावर सोडतात, नाक्यावरूनच घेतात. तुम्ही मंडळात आहात तर जरा बघता का, एवढंच तिनं विचारलं. बघतो, असं म्हणून मोंडकरांनी फोन ठेवला.

भाडं नाकारणं हा गुन्हा. मोंडकरांनी तक्रार नोंदवली आणि त्या बाजूच्या दोन-तीन टॅक्सीवाल्यांना बोलावून घेतलं. चांगलं झापायचंच ठरवून ते बसले होते. त्यातला फिरोज तांबोळी नावाचा मधल्या वयाचा, सरळ माणूस हात जोडून म्हणाला, "काका, नाही म्हणत नाही हो मी. बाई आजारी आहे, दिसतं मला. पण त्या नाक्यावर आलो की हातच वळत नाही."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. गल्ली आहे हे त्यांना माहीत होतं, डोळ्यांना दिसत होती, पण वळायची वेळ यायची आणि गाडी सरळ पुढे गेलेली असायची. मनावर घेऊन वळायला गेलं की छातीत धडधड सुटायची. मोंडकरांनी कुणालाच झापलं नाही. ही धडधड त्यांच्या ओळखीची होती.

खरं तर सगळं डोळ्यांसमोर होतं. गोदीकडून भायखळ्याला जायला बावडी गल्ली ही सरळ वाट. कुणीही शहाणा माणूस तिथूनच जाईल. आणि मोंडकर मात्र थेट मोठ्या रस्त्याने फिरून, दोन सिग्नलला थांबून जायचे. नकाशा उतरल्यापासून सगळ्या टॅक्सी तशाच जायला लागल्या. धंद्यातल्या लोकांनी त्याला नावही पाडलं, मोंडकरांचा वळसा. आणि कहर म्हणजे हा वळसा चुकीचा असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एवढा मोठा जाणकार माणूस वळसा घालतो म्हणजे त्यामागे काहीतरी असणार! परीक्षेच्या पुस्तिकेत कुणीतरी कारणही छापून टाकलं की गल्ली अरुंद आहे, मोठ्या गाड्यांनी टाळावी. गल्लीतून ट्रक जायचा हो एके काळी. मोंडकरांनी ती ओळ वाचली होती आणि काही न बोलता पान उलटलं होतं.

केतकीबाईंनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. पडद्यावर त्या भागाचा नकाशा होता, टॅक्सीवाल्यांच्या मेंदूतला, निळ्या रेषांचा. सगळीकडे रेषा गच्च, आणि माझगावात एक भोक. भाकरीला पडावं तसं.

"मोंडकरकाका, इथे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. एक गल्ली आहे."

बाईंनी त्या भोकावर बोट ठेवलं. मग थकल्या आवाजात समजावलं. या नाक्यावर येतो तेव्हा प्रत्येक टॅक्सीवाल्याचा मेंदू पुढे पळून बघतो, पण गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन मागे फिरतो. यंत्र असं काही आपल्या मनानं घालत नाही. ज्याच्याकडून नकाशा घेतला त्याच्याच मेंदूनं तिथे बघायचं सोडून दिलेलं असणार. आता दोनच मार्ग होते. मंडळाला कळवायचं की हे प्रमाण सदोष आहे, मग या भागातल्या सगळ्यांचे बिल्ले थांबणार, आणि नकाशा घ्यायला दुसरा माणूस कुठून आणायचा? होते ते म्हातारे एकेक करून गेले. नाहीतर मोंडकरांनी पट्टा लावून त्या गल्लीतून गाडी न्यायची.

मोंडकर म्हणाले, त्यात काय, आत्ता जातो.

"तसं नाही चालणार काका," बाई म्हणाल्या. "दात-ओठ खाऊन गेलात तर ते दात-ओठ खाणंही सगळ्यांच्या डोक्यात उतरेल. तुम्हाला तिथे जावंसं वाटायला हवं."

जावंसं वाटायला हवं! मोंडकरांना हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच टॅक्सी घेऊन गेले. नाका आला. कोपऱ्यावरची बंद पडलेली पिठाची गिरणी तशीच होती. आत गल्लीच्या मध्यावर हेमाची इमारत, पहिल्या मजल्यावर हिरव्या कठड्याची खिडकी. लग्न ठरायच्याही आधी मोंडकर त्या खिडकीखालून जाताना दोन बारीक हॉर्न द्यायचे, आणि शुभांगी हातातलं काम टाकून खिडकीत यायची. लग्नानंतरही तिला माहेरी सोडलं की घ्यायला जाताना तेच दोन हॉर्न. हेमा वरून ओरडायची, आला गं तुझा भोंगा! शुभांगी गेली त्यानंतर दिवसकार्याला मोंडकर एकदाच त्या घरी गेले. जिना चढताना आतून हेमा कुणाला तरी म्हणाली, चहा टाकते, आणि मोंडकर जिन्यातूनच परत फिरले. तो आवाज ऐकायचा, आणि वळून बघितल्यावर तोंड दुसरंच असायचं, हे त्यांना झेपणारं नव्हतं. पुन्हा ते त्या गल्लीत गेले नाहीत. आजही हात वळला नाही. मागच्याने हॉर्न मारला, शिवी घातली, आणि मोंडकर सरळ पुढे निघून गेले. घरी येऊन त्यांनी न जेवताच अंग टाकलं.

त्याच आठवड्यात हेमा नाक्यावर पडली. डायलिसिस करून आली होती, टॅक्सीवाल्यानं गिरणीपाशी सोडलं, आणि चढणीच्या गल्लीत चार पावलं टाकल्यावर तिला भोवळ आली. भुवईवर टाके पडले. पुढच्या खेपेला तिला नाक्यापर्यंत उतरवतच नव्हतं. शेजाऱ्याने आधी स्कूटरवरून नेलं होतं, पण त्यालाही नोकरी होती. खेप चुकली आणि तिच्या छातीत पाणी भरलं. तिला कसंबसं उचलून नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं की पुन्हा खेप चुकली तर आमच्या हातात काही राहणार नाही. हे सगळं मोंडकरांना फिरोजनं सांगितलं. त्यानंच तिला नाक्यावर सोडलं होतं. सांगताना त्याला रडू येत होतं, आणि आपण असं का केलं हे त्याचं त्याला कळत नव्हतं.

मोंडकरांना तोंडात मारल्यासारखं झालं. स्वतः काही केलं नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या माणसाच्या हातून आपण हे करवून घेतलं, हे त्यांना सहन होईना.

तिच्या पुढच्या खेपेला ते टॅक्सी घेऊन परळला दारात उभे राहिले. पट्टा डोक्याला बांधलेला होता, वरून टोपी. हेमा बाहेर आली, वाळलेली, भुवईवर पट्टी, हातात कापडी पिशवी. तिनं त्यांना पाहिलं, दार उघडून मागे बसली आणि एक शब्दही बोलली नाही. लालबाग गेलं, काळाचौकी गेली, तरी नाही. मोंडकर आरशातून बघत होते. ती तोंड घट्ट मिटून खिडकीबाहेर पाहत होती. त्यांच्या लक्षात आलं की आपण तिचा आवाज टाळतो हे तिला कधीचंच माहीत आहे. म्हणूनच इतकी वर्षं तिनं फोन केला नव्हता. मरायला टेकली तेव्हा केला.

नाक्यावर मोंडकरांनी गाडी थांबवली. कुणी न सांगता हेमा दाराचा खटका उघडून खाली उतरायला लागली, रोजच्यासारखी.

"हेमा, बस."

ती बसली.

"काहीतरी बोल."

हेमानं दाराचा खटका परत लावला. मग म्हणाली, "काय बोलू, भावोजी? माझी बहीण गेली, आणि तुम्ही तिच्याबरोबर मलाही पोचवून आलात."

हा शुभांगीचाच आवाज होता, आणि शुभांगी असं कधीच बोलली नव्हती. मोंडकरांना एकदम कळलं की ही दुसरी बाई आहे. हिची दुखणी वेगळी, हिचा राग वेगळा, आणि हा राग ऐकायला आपण कधी थांबलोच नाही. त्यांना रडू फुटलं. भर नाक्यावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना ते स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले, आणि हेमा मागून म्हणाली की आता रडलात ते पुरे, ट्रॅफिक हवालदार येईल.

"घर येईपर्यंत बोलत राहा," मोंडकर म्हणाले. "काहीही बोल."

मग हेमा बोलत राहिली. समोरच्या बाईनं ब्लाउजचं माप दोनदा बदललं ते सांगितलं. पाणी मोजून प्यावं लागतं म्हणून स्वप्नातही सरबत दिसतं ते सांगितलं. शुभांगी लहानपणी आमसुलं चोरून खायची आणि नाव हिचं घ्यायची तेही सांगितलं. मोंडकरांचा हात वळला. गिरणी मागे पडली, चढण आली. त्यांना पुढचं ऐकायचं होतं, म्हणून गाडी हळू होती. हिरव्या कठड्याची खिडकी आली आणि त्यांना कळायच्या आत त्यांच्या हातानं दोन बारीक हॉर्न दिले.

हेमाचं बोलणं थांबलं. वर खिडकीत कुणीच नव्हतं. मग मोंडकरांनी तिला हात धरून जिना चढवला आणि चहा स्वतः केला.

त्यानंतर एक दिवसाआड तेच तिला नेऊ-आणू लागले, पट्टा लावूनच. पहिल्या काही खेपांना छाती धडधडायची, मग कमी झाली, आणि एका दुपारी नाक्यावर येण्याआधीच, ही आज काय सांगणार, असं त्यांच्या मनात आलं. त्या दिवसाची नोंद केतकीबाईंनी घेतली. पडद्यावरच्या भोकातून एक निळी रेष आरपार गेली होती. नवा भाग सगळ्यांच्या पट्ट्यांत गेला, पुस्तिकेतली ती ओळ काढली, आणि बावडी गल्लीत पुन्हा टॅक्सी दिसायला लागल्या. मोंडकरांचे गुडघे धरायला लागले होते, रोज गाडी चालवणं आता होईना. हेमाला फिरोज नेऊ लागला, कधी दुसरं कुणी. खेप चुकली नाही.

मग एके सकाळी तिचा फोन आला.

"भावोजी, हे काय करून ठेवलंत? येणारी-जाणारी प्रत्येक टॅक्सी माझ्या खिडकीखाली दोन हॉर्न देते. विचारलं तर म्हणतात, माहीत नाही ताई, हात आपोआप जातो."

मोंडकर ओशाळले. बोराडेबाईंना सांगून काढून टाकतो म्हणाले. सवय सोलून काढता येते, बाईंनीच सांगितलं होतं. तेवढ्यात फोनमधूनच त्यांना ऐकू आले, दोन, बारीक. आणि पाठोपाठ खिडकीची कडी सरकवल्याचा आवाज.

"राहू द्या," ती म्हणाली. "कुणीतरी खिडकीत यायला हवं ना. मी येते."

हेमा त्यानंतर वर्षभर होती. किडन्यांनी नाही, हृदयानं दगा दिला. मोंडकर शेवटपर्यंत तिच्या उशाशी होते आणि ती बोलत होती तोवर ऐकत होते. ती खोली आता दुसऱ्या कुणीतरी घेतली आहे.

केतकीबाईंनी एकदा भीत भीत विचारलं की आता ते हॉर्न काढायचे का. नवीन भाडेकरूंनी मंडळाकडे तक्रार केली होती. मोंडकर म्हणाले, बघू, आणि तो विषय तसाच राहिला.

वडाळ्याच्या केंद्रात त्या दिवशी खूप गर्दी होती, उकाडाही होता. समोर नवीन बिल्ल्यासाठी आलेली एक बाई बसली होती, सुरेखा पाटोळे नावाची, कुर्ल्याची. मोंडकरांनी पेंगुळल्या आवाजात विचारलं, गोदीवरून भायखळा मार्केटला कशी जाशील? तिनं डोळे मिटले. डावीकडे गिरणी ठेवून बावडी गल्लीत वळायचं, चढणीवर दुसरा गिअर, मध्यावर हिरव्या कठड्याची खिडकी आली की दोन हॉर्न, मग उतारानं सरळ.

"तिथे हॉर्न कशाला?" मोंडकरांनी विचारलं.

तिनं डोळे उघडले. जरा गोंधळली, मग सावरून म्हणाली, "तिथे द्यायचा असतो, सर."

मोंडकरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि पुढच्याला आत पाठवायला सांगितलं.